नकोसे कोणाला? गर्भपात आणि नकोशा मुलांविषयी एक अभ्यास



या पाठाचा विषय आपल्या अभ्यासवर्गात सहसा निघत नाही, आणि निघालाच तर दोन वाक्यांत संपतो. आमच्या वर्गातही तसेच झाले. एका शनिवारी अहिंसेवरील पाठ चालू होता. आहार झाला, वाणी झाली, आणि कोणीतरी विचारले की गर्भपाताला हिंसा म्हणायचे का. वर्गातील एक ज्येष्ठ काका लगेच म्हणाले, "भ्रूणहत्या हे महापाप आहे. त्यात चर्चा कसली?" दुसऱ्या बाजूला बसलेला कॉलेजातला एक मुलगा म्हणाला, "काका, शरीर तिचं, निर्णय तिचा. त्यात आपण बोलणारे कोण?" दोघेही मनापासून बोलत होते. दोघांनाही आपले म्हणणे इतके स्पष्ट दिसत होते की पुढे काही उरलेच नाही, आणि आम्ही पुढच्या परिच्छेदाकडे वळलो.

मागच्या रांगेतील एक ताई मात्र तेवढ्यात उठून चहाचे कप विसळायला गेल्या आणि वर्ग संपेपर्यंत परत आल्या नाहीत. पुढे काही दिवसांनी त्या माझ्याशी बोलल्या. दोन मुलींनंतर तिसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हा घरातल्या मोठ्यांनी त्यांना एका ठिकाणी तपासणीला नेले आणि आठवड्याभराने पुन्हा एकदा नेले. या गोष्टीला आता वीस वर्षे झाली. त्या मला म्हणाल्या, "तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी वर्गातही नाही विचारलं." त्यांच्या संमतीनेच हे येथे लिहिते आहे.

काकांच्या वाक्यात ताई पापी ठरत होत्या आणि त्या मुलाच्या वाक्यात स्वतंत्र. प्रत्यक्षात त्या दोन्ही नव्हत्या. म्हणून हा पाठ मी त्यांच्या जागेवरून लिहिण्याचा प्रयत्न केला आहे.

आधी शब्द पाहू

मी या संकेतस्थळासाठी अनुवादाची सेवा करते. अनुवाद करताना शब्दाशी अडखळावे लागते, आणि कधी कधी त्या अडखळण्यातूनच विषय उलगडतो. 'अनवाँटेड चाइल्ड' या शब्दांसाठी मी आधी 'नको असलेले मूल' असे लिहिले. मग 'अवांछित' लिहून पाहिले. दोन्ही वेळा जाणवले की वाक्यात नको म्हणणारा माणूसच नाही. 'नको' हा जणू त्या मुलाचाच गुण असावा, जसे सावळे मूल, अशक्त मूल, तसे नको असलेले मूल.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात की एखादी रक्कम येणे आहे की देणे, हे त्या रकमेकडे पाहून ठरत नाही, वही कोणाची आहे यावर ठरते. बँकेत ठेवलेले माझे दहा हजार माझ्या वहीत मत्ता असतात आणि बँकेच्या वहीत तेच देणे असते. 'नकोसे' हा शब्दही असाच आहे. तो ऐकला की पहिला प्रश्न विचारायचा तो हा: ही नोंद कोणाच्या वहीत आहे? आईच्या, वडिलांच्या, सासरच्या, की गल्लीच्या?

दुसरा शब्द 'गर्भपात'. मराठीत गर्भ आपोआप पडला तरी गर्भपात आणि पाडला तरी गर्भपातच. हवेहवेसे मूल गमावलेली बाई आणि स्वतः निर्णय घेतलेली बाई यांना आपली भाषा एकच शब्द देते, आणि मग बायका हळू आवाजात "झाला" की "केला" हे सांगत बसतात. त्याउलट 'भ्रूणहत्या' या शब्दात निकाल आधीच लागलेला असतो, साक्षीपुरावा नंतर. चर्चेला बसताना आपण यांतला कोणता शब्द उचलला, तेवढ्यावर बरेच काही ठरून जाते. या पाठात मी 'गर्भपात' हाच शब्द वापरते, कारण निकाल अजून लागायचा आहे.

जीव केव्हापासून?

हा प्रश्न टाळता येत नाही, आणि तो सोपा आहे असेही कोणी भासवू नये. आपल्या परंपरेत याचे एकच एक उत्तर नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात शुक्र, शोणित आणि जीव यांचा संयोग म्हणजे गर्भ असे मानले आहे. म्हणजे आरंभापासूनच तेथे जीव आहे. गर्भोपनिषदात गर्भाचा महिन्यामहिन्याने विकास सांगताना सातव्या महिन्यात तो जीवाशी युक्त होतो असे म्हटले आहे. सुश्रुताने चौथा महिना महत्त्वाचा मानला. त्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते आणि त्याबरोबर चेतनाही प्रकट होते, असे तो सांगतो. इतर धर्मांतही असाच मतभेद दिसतो. कॅथलिक चर्चची शिकवण गर्भधारणेच्या क्षणापासून जीव मानते, तर अनेक इस्लामी धर्मशास्त्रज्ञ १२० दिवसांनंतर गर्भात प्राण फुंकला जातो असे मानतात. बौद्ध विनयात गर्भपात घडवून आणणारा भिक्षू संघाबाहेर जातो.

सुश्रुताच्या त्या चौथ्या महिन्यापाशी थोडे थांबावेसे वाटते. गर्भाचे हृदय व्यक्त झाले की आईच्या शरीरात दोन हृदये होतात, म्हणून तिला दौहृदिनी म्हणतात, असे तो लिहितो. आपला 'डोहाळे' हा शब्द 'दोहद' या संस्कृत शब्दावरून आला, आणि त्याचे नाते या दोन हृदयांशी सांगितले जाते. सुश्रुत पुढे असेही म्हणतो की या काळात तिची इच्छा डावलली तर बाळावर त्याचा वाईट परिणाम होतो, म्हणून तिला जे हवे ते द्यावे. आपण त्याचे डोहाळजेवण केले, हिरवी साडी, फुलांची वाडी, बर्फी की पेढा ओळखा, आणि मूळ मुद्दा विसरलो. तिच्या मनात काय आहे हे विचारणे आणि पोटातल्या बाळाचे रक्षण करणे ही जुन्या वैद्याच्या लेखी एकच गोष्ट होती. आजच्या वादात मात्र आई आणि गर्भ हे कोर्टातल्या वादी-प्रतिवादींसारखे समोरासमोर उभे केले जातात.

माझे स्वतःचे मत विचाराल तर, गर्भ म्हणजे काहीच नाही असे मला मानता येत नाही. तीन महिन्यांच्या गर्भाची सोनोग्राफी मी माझ्या वहिनीच्या मोबाइलवर पाहिली आहे, आणि ती पाहून घरातले सगळे का रडले हे मला कळते. पण 'तेथे जीव आहे' एवढे म्हटल्याने पुढचे सगळे आपोआप ठरते, असेही मला वाटत नाही. जीव आहे असे म्हणणाऱ्याने त्या जीवासाठी काय केले, हा प्रश्न त्यानंतर लगेच येतो. त्याचे सर्वांत प्रामाणिक उत्तर मला पुण्यात, १८६३ साली सापडते.

गंज पेठेतील घर

काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा पुण्यात जोतीराव फुले यांचे स्नेही गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला फशी पाडले आणि ती गरोदर राहिली. त्याच्याच सांगण्यावरून तिने गर्भ पाडण्यासाठी विषारी औषधे घेतली, पण उपयोग झाला नाही. दिवस भरले आणि तिला मुलगा झाला. बदनामीच्या भीतीने तिने त्या बाळाला मारून घरामागच्या विहिरीत टाकले. दोन दिवसांत ती पकडली गेली. पुण्याच्या सेशन कोर्टात खटला चालला आणि तिला जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्र्याचे काय झाले, याची दखल कोर्टाने घेतली नाही.

ही हकीकत स्वतः जोतीरावांनी ४ डिसेंबर १८८४ रोजी लिहिलेल्या टिपणात नोंदवली आहे. बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि लादलेले वैधव्य यांवर जे निबंध प्रसिद्ध केले होते, त्यांच्यासंबंधी हे टिपण आहे. ते उपदेशाच्या सुरात लिहिलेले नाही. काय घडले आणि मग आम्ही काय केले, एवढेच त्यात आहे.

त्या वेळी विधवाविवाहाचा कायदा होऊन सात वर्षे झाली होती. तो १८५६ चा. म्हणजे कागदावर काशीबाईला लग्न करता येत होते. भारतीय दंडसंहिताही १८६० साली आली होती. गर्भ पाडणाऱ्याला आणि स्वतःहून गर्भ पाडून घेणाऱ्या बाईलाही तिच्यात शिक्षा होती, मूल टाकून देणाऱ्याला शिक्षा होती, जन्म लपवणाऱ्यालाही होती. परवानगीचा कायदा होता, शिक्षेचाही होता. काशीबाईला ज्याची गरज होती ते मात्र कोठेही नव्हते: एक खोली, एक सुईण, आणि तोंड बंद ठेवणारी माणसे.

जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी नेमके तेच उभे केले. गंज पेठेतील स्वतःच्या घराच्या आवारात त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले आणि शहरातील ब्राह्मण वस्तीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर जाहिराती लावल्या. विधवांनी येथे येऊन गुपचूप व सुखरूप बाळंत व्हावे, मूल बरोबर न्यावे किंवा येथेच ठेवावे, ज्याची त्याची मर्जी, अशा आशयाच्या त्या होत्या. यातील 'मर्जी' या गोष्टीकडे लक्ष द्या. मूल वाचावे म्हणून चाललेल्या या घरात आईवर मूल वाढवण्याची सक्ती नव्हती. तिने निघून जाऊन पुन्हा आयुष्य सुरू केले तरी तिला कोणी जाब विचारणार नव्हते.

त्या टिपणातील आकडे वाचले तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचू शकले नाही. तोवर ३५ गर्भवती विधवा या घरी आल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी ५ जगली आणि ३० गेली. कारणही तेथेच दिले आहे. गरोदरपण लपावे म्हणून त्या बायकांनी येण्याआधीच विषारी औषधे घेतली होती आणि त्यांची इजा गर्भातल्या मुलांना झाली होती. घर होते, हात होते, माया होती, पण भीती आधी पोचली होती. ज्या समाजाला गर्भपात पाप वाटत होता, त्याच समाजाच्या धाकाने ती औषधे घेतली गेली होती. काकांच्या वाक्यावर माझे उत्तर हे ३० आकडे आहेत. पाप कोणते यावर आमचा वाद नाही. ते कोणाच्या खात्यावर मांडायचे, एवढाच प्रश्न आहे.

याच सुमारास हा विचार इतरत्रही उमटत होता. पंढरपुरात १८७५ साली लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाजाच्या मंडळींनी अशाच मुलांसाठी आश्रम काढला. तोच पुढे नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखला गेला. १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला आपले मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती नंतर सौम्य करण्यात आली. या खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांनी एकूण स्त्रीजातीवर जी आगपाखड केली, तिला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून उत्तर दिले. त्यांचा रोख अगदी सरळ होता: या सगळ्या प्रकरणात पुरुष कोठे आहे?

फुले दांपत्याला स्वतःचे मूल नव्हते. त्यांनी अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला आणि त्याचे नाव यशवंत ठेवले. १८९० मध्ये जोतीराव गेले तेव्हा दत्तक मुलाने टिटवे धरावे की नाही यावर भाऊबंदांनी वाद घातला. सावित्रीबाईंनी ते स्वतः उचलले आणि त्या अंत्ययात्रेपुढे चालल्या. यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये त्याने पुण्याजवळ दवाखाना उघडला. तेथे रोगी पोचवता पोचवता सावित्रीबाईंनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. नकोशा म्हणून जन्मलेल्या मुलाचे पुढे काय झाले, हे आपल्याला कळण्यासारखी उदाहरणे फार थोडी असतात, म्हणून एवढे लिहिले.

कायदा काय म्हणतो

येथे आपल्या अनेक साधकांचा गैरसमज आहे, म्हणून थोडक्यात सांगते. भारतात मागितला की गर्भपात असा कायदा कधीच नव्हता, आजही नाही. चोरून केलेल्या गर्भपातात बायका दगावत होत्या, म्हणून १९६४ साली शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९६६ मध्ये आला आणि १९७१ मध्ये वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला. निर्णयाचा अधिकार त्याने डॉक्टरच्या मतावर ठेवला: आईच्या जिवाला किंवा तिच्या शारीरिक-मानसिक आरोग्याला गंभीर धोका, बाळात गंभीर व्यंग, बलात्कार, आणि विवाहितेच्या बाबतीत संततिनियमनाचे साधन निकामी ठरणे. २०२१ च्या दुरुस्तीने साधन निकामी ठरण्याच्या बाबतीतील विवाहितेची अट काढली, काही गटांतील स्त्रियांसाठी मुदत २० वरून २४ आठवड्यांवर नेली आणि स्त्रीचे नाव गुप्त ठेवणे बंधनकारक केले. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही त्या मुदतीचा लाभ आहे असा निर्णय दिला.

एक गोष्ट मला अनुवादक म्हणून लक्षात राहिली. १९७१ च्या कायद्यात साधन निकामी ठरून राहिलेल्या गर्भाबद्दल बोलताना 'अनवाँटेड' हाच शब्द आला आहे. म्हणजे 'नकोसे' हा शब्द आपल्या देशाच्या कायद्यातही पोचला होता.

पण कायद्याची खरी कसोटी ऑक्टोबर २०२३ मध्ये लागली. दोन मुलांची आई असलेली एक २७ वर्षांची स्त्री सर्वोच्च न्यायालयात आली. धाकटे मूल अंगावर पीत असल्याने पाळी आलेली नव्हती, म्हणून पुन्हा दिवस गेल्याचे तिला फार उशिरा कळले. आधीच्या बाळंतपणानंतर तिला मानसिक त्रास झाला होता आणि त्यावर औषधे चालू होती. तिसरे मूल आपल्याला झेपणार नाही, असे ती सांगत होती. तोवर २६ आठवडे होत आले होते. ९ ऑक्टोबरला दोन न्यायाधीशांच्या पीठाने परवानगी दिली. मग दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी कळवले की हे बाळ जगू शकते. आता त्याचे हृदय थांबवायचे का, हे न्यायालयाने स्पष्ट सांगावे, अशी त्यांची विचारणा होती. ११ ऑक्टोबरला त्याच पीठात मतभेद झाला. दोन्ही न्यायाधीश स्त्रिया होत्या. एकीच्या सदसद्विवेकाला परवानगी देणे पटले नाही; दुसरीचे म्हणणे होते की त्या स्त्रीने विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयाचा मान राखावा. प्रकरण तीन न्यायाधीशांपुढे गेले आणि १६ ऑक्टोबरला परवानगी नाकारली गेली. बाळंतपणाचा खर्च सरकारने करावा आणि बाळ दत्तक द्यायचे की नाही हे आईवडिलांनी ठरवावे, असे न्यायालयाने सांगितले.

हा निकाल वर्गात अवश्य वाचा. काकांनी आणि त्या मुलाने तर एकत्र बसून वाचावा. डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न वाचल्यावर 'शरीर तिचे' हे वाक्य तितक्या सहज उच्चारता येत नाही. आणि त्या आईची हकीकत वाचल्यावर 'महापाप' हा शब्दही जिभेवर अडतो. मला स्वतःला शेवटचा निकाल समजतो, पण तो वाचून समाधान झाले असे म्हणवत नाही. तिने ते उरलेले आठवडे कसे काढले असतील, हा विचार मनातून जात नाही.

नकुशी

आतापर्यंत आपण आईला मूल नको होते अशी प्रकरणे पाहिली. ताईंचे प्रकरण वेगळे आहे. तेथे मूल नको नव्हते, मुलगी नको होती.

सातारा जिल्ह्यात मुलीवर मुलगी झाली की शेवटच्या मुलीचे नाव 'नकुशी' किंवा 'नकोसा' ठेवण्याची रीत होती. आता तरी देव मुलगा देईल, ही त्यामागची समजूत. शाळेच्या हजेरीपटावर तेच नाव, निकालपत्रावर तेच. ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा प्रशासनाने समारंभ करून अशा २८५ मुलींची नावे बदलली. मुलींनी आपापली नावे स्वतः निवडली. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. बीड जिल्ह्यात तो आकडा ८०७ होता. आणि हे अशा राज्यात, ज्याने गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी कायदा केला. केंद्राचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी, १९९४ मध्ये आला.

ज्या मुली नकुशी नाव घेऊन जगल्या त्या निदान जगल्या, असे एकदा एक आजी मला म्हणाल्या होत्या. मला ते ऐकून राग आला होता. हजारामागच्या आकड्यांकडे पाहिल्यावर त्यांना काय म्हणायचे होते ते कळले.

'निर्णय तिचा' असे म्हणणाऱ्या आपल्या तरुण मित्रांनी येथे थांबावे. ताईंच्या कागदावर त्यांची सही होती. कायद्याच्या दृष्टीने संमती होती. सही होती म्हणून निर्णय त्यांचा होता का? आणि 'महापाप' म्हणणाऱ्यांनीही थांबावे. ज्या घरांतून बायकांना असे नेले गेले, त्यांतल्या कित्येक घरांत नेमाने पोथी वाचली जात होती.

आज कोणी दार ठोठावले तर

गर्भपाताला ठाम विरोध करणाऱ्यांत मदर तेरेसा यांचे नाव सर्वांना माहीत आहे. १९७९ च्या नोबेल भाषणातही त्या या विषयावर बोलल्या. संततिनियमनाच्या साधनांविषयीची त्यांची भूमिका मला पटत नाही. नको असलेली गर्भधारणा होऊच नये, यासाठीचा साधा उपाय नाकारून पुढची अवघड वाट दाखवणे मला न्यायाचे वाटत नाही. पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. पाडू नका असे म्हणताना, मूल आमच्याकडे द्या, असे त्या म्हणत होत्या, आणि कोलकात्यात १९५५ पासून त्यांचे शिशुभवन खरोखर उघडे होते.

पाळण्याच्या योजनांवरही वाद आहे. तामिळनाडूत १९९२ साली सेलम जिल्ह्यापासून सरकारी पाळणे सुरू झाले आणि त्यांत ठेवलेल्या बाळांत मुलीच जास्त निघाल्या. कोणी म्हणाले जीव वाचले, कोणी म्हणाले मुली टाकणे सोपे झाले. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पाळणा ठेवून घरातली 'नको' ही नोंद पुसली जात नाही, पण ती पुसली जाईपर्यंत बाळाने उकिरड्यावर वाट पाहावी असेही म्हणता येत नाही.

आपल्या वर्गात फार थोड्यांना माहीत होते ते सांगते. ज्या आईला किंवा आईवडिलांना मूल वाढवणे शक्य नाही, त्यांना ते कायदेशीरपणे सोपवता येते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती असते. तिच्यासमोर जाऊन, समुपदेशन झाल्यावर मूल सोपवण्याचा लेख करता येतो. त्यानंतर आईला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. मन बदलले तर तिला मूल परत नेता येते. त्यानंतरच ते दत्तकासाठी मोकळे होते. रस्त्यावर मूल टाकून देणे हा गुन्हा आहे, त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. समितीकडे सोपवणे हा गुन्हा नाही. हा फरक माहीत नसल्यामुळे किती मुली रात्री बसस्थानकाच्या बाकावर बाळ ठेवून पळाल्या असतील, याचा विचार करा. मुलांसाठीचा मदतीचा फोन १०९८ आहे.

आणि ज्या स्त्रीने कायद्याच्या चौकटीत, डॉक्टरांच्या सल्ल्याने गर्भपाताचा निर्णय घेतला आहे, ती उद्या आपल्या वर्गात आली तर? मला वाटते, तिला आधी बसायला जागा द्यावी. पाप-पुण्याचा हिशोब तिने मनात आपल्यापेक्षा जास्त वेळा मांडलेला असतो.

पुढील बैठकीसाठी

नेहमीप्रमाणे प्रश्नांची यादी न देता दोनच कामे सुचवते. पहिले: आपल्या जिल्ह्यातील बालकल्याण समितीचे कार्यालय कोठे आहे, ते कोणत्या दिवशी उघडे असते, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे आणि पत्ता वर्गाच्या फळ्यावर लिहावा. आमच्या वर्गातील दोघे गेले, तर कळले की ते कार्यालय आमच्या बैठकीच्या जागेपासून चालत वीस मिनिटांवर आहे.

दुसरे: समजा आज रात्री घरातली लेक, भाची, किंवा घरी कामाला येणारी मुलगी दारात उभी राहून म्हणाली, "मला दिवस गेलेत, काय करू कळत नाही." तुमच्या तोंडून निघणारे पहिले वाक्य कोणते असेल, ते प्रामाणिकपणे एका चिठ्ठीवर लिहून आणावे. नाव लिहू नये.

आमच्या वर्गात पहिली चिठ्ठी ताईंनी दिली, आणि नाव लिहायचे नाही हे विसरून खाली सहीही केली. त्यांनी लिहिले आहे, "आत ये. काही खाल्लंस का?" काकांची चिठ्ठी अजून आलेली नाही. ते म्हणाले, आणखी एक आठवडा द्या.